सहीशेजारचा फोटो

१

आई आणि मी एकाच ऑफिसात काम करतो, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "डबा एकच का दोन?" डबे दोन. आई तक्रार विभागात आहे, मी कॉम्प्युटर विभागात, आणि कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटाच. ऑफिसात ती मला "अहो कॉम्प्युटरवाले" अशी हाक मारते आणि मी तिला "मॅडम" म्हणतो. बाबा गेल्यापासून घरी आम्ही दोघंच, आणि ऑफिसातही पुन्हा आम्ही दोघं. एवढा वेळ एकमेकांची तोंडं बघून कंटाळत कसे नाही, असं साहेबांनी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "कंटाळतो की."

कंपनी लिफ्ट बसवते आणि बसवलेल्या लिफ्ट बिघडल्या की दुरुस्त करते. लिफ्टमध्ये अडकून बाहेर पडलेला माणूस आधी पाणी पितो आणि मग आईला मेल लिहितो. त्या मेलांमधली भाषा मी वाचलेली आहे. आई प्रत्येकाला शांतपणे उत्तर देते, दिलगिरी व्यक्त करते, मेकॅनिक कधी येईल ते कळवते. घरी मात्र दूध उतू गेलं तरी माझ्या नावाने शंख करते. तिकडचं साठलेलं कुठेतरी निघायला हवंच.

अशाच एका घाणेरड्या मेलनंतर साहेबांनी मला बोलावलं.

"लोक शिव्या कोणाला घालतात?" त्यांनी विचारलं. साहेब प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांच्याकडेच असतं. "ज्याचं तोंड दिसत नाही त्याला. मेलखाली नुसतं नाव आणि हुद्दा असतो. तिथे, त्या सहीशेजारी, माणसाचा फोटो टाका. हसरा. मग बघू कोण काय बोलतो ते."

कल्पना वाईट नव्हती. ती अमलात कशी आणायची हे मी ठरवलं. प्रत्येक मेलला फोटो चिकटवला तर मेल जड होतो आणि लोकांचे मेलबॉक्स भरतात. म्हणून मी सगळे फोटो आमच्या सर्व्हरवर एका जागी ठेवायचं ठरवलं. मेलमध्ये जाणार फक्त त्या जागेचा पत्ता. कोणी कुठेही तो मेल उघडला की त्याचा कॉम्प्युटर त्या पत्त्यावर येऊन फोटो बघून जाणार. भिंतीवर एकच फोटो टांगलेला, आणि ज्याला बघायचाय त्याने खिडकीतून डोकावून जायचं, तसं. फायदा असा की फोटो बदलला तर आधी पाठवलेल्या सगळ्या मेलांमध्येही आपोआप नवाच दिसतो.

साहेबांना हे फार आवडलं. मीही दोन दिवस जरा ताठ मानेने फिरलो.

२

फोटोग्राफरने मीटिंग रूममधलं टेबल भिंतीला लावलं, पांढरा कपडा ताणून बांधला आणि दोन दिवे उभे केले. एकेकाने आत जायचं, स्टुलावर बसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. स्टोअरकीपर कधी नव्हे तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. रिसेप्शनवरच्या बाईंना पहिला फोटो आवडला नाही, दुसरा आवडला नाही, आणि तिसऱ्यात त्या पहिल्यासारख्याच दिसत होत्या. माझाही काढून झाला.

सगळ्यात झकास आला तो भोंग्याचा. भोंगा हे अर्थात टोपणनाव. विक्री विभागातला हा माझा मित्र, आणि खरं सांगायचं तर ऑफिसातला एकुलता एक मित्र. तो फोनवर बोलायला लागला की खाली पार्किंगमध्ये ऐकू येतं. पण त्याची खरी कमाई आवाजात नाही, नजरेत आहे. तो समोरच्याच्या डोळ्यांत थेट बघून बोलतो. माणसाला वाटतं, आज या जगात मी एकटाच आहे आणि मला लिफ्ट हवी आहे. फोटोतही तो तसाच थेट बघत होता.

आईने मात्र साफ नकार दिला.

"मला आता काय नटवायचं राहिलंय? लोक लिफ्टमध्ये घुसमटून आलेले असतात, त्यांना माझं तोंड कशाला दाखवताय?"

"मॅडम, साहेबांचा हुकूम आहे."

"साहेबांना सांगा, कॉम्प्युटरवाले, की मॅडम ऐकत नाहीत."

साहेबांनी सगळ्यांच्या सह्यांचा एक रंगीत प्रिंट काढून पाण्याच्या मशीनशेजारी नोटीस बोर्डावर लावायला लावला. त्यात आईच्या नावापुढे नुसता राखाडी गोल होता.

आणि साहेबांचं खरं ठरलं. लोक नरमले. "तुम्ही अगदी माझ्या मेहुण्यासारखे दिसता," असं एका गिऱ्हाइकाने भोंग्याला लिहिलं. तो मेल भोंग्याने सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला, म्हणजे आपल्या जागेवर बसून वाचला आणि सगळ्यांना ऐकू गेला.

३

काही आठवड्यांनी भोंग्याचा मेल आला, प्रिंटरमध्ये कागद अडकतोय म्हणून. वाचून मी बंद करणार तेवढ्यात त्याच्या फोटोकडे लक्ष गेलं. फोटोतला भोंगा माझ्याकडे बघत नव्हता.

फार काही नाही. नजर किंचित डावीकडे, माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी. मी चक्क मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं. मला माझंच हसू आलं. मूळ फोटोच असा असेल, आपण तेव्हा नीट पाहिला नसेल. चष्म्याचा नंबरही वाढला असेल. प्रिंटरमधला कागद काढायला गेलो तेव्हा भोंगा नेहमीसारखाच मोठमोठ्याने बोलत होता, पण माझ्या कानाकडे बघून. माझ्या कानाला काही लागलंय का म्हणून मी हात लावून पाहिला.

त्याच आठवड्यात साहेब आईवर अडून बसले. सगळ्या कंपनीत एकच राखाडी गोल उरला होता आणि तो त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. शेवटी रविवारी सकाळी मीच तिला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं केलं.

"मान सरळ ठेव."

"सरळच आहे. तुझा हात वाकडा आहे."

"हस जरा."

"विनोद कर, हसते."

मी फोनचं बटण दाबलं. आईचे फार फोटो नाहीत आमच्याकडे, आणि आहेत त्यांत ती कोणालातरी वाढताना किंवा कशावर तरी वाकलेली. हा पहिलाच, समोरून घेतलेला. चष्म्यातून ती थेट माझ्याकडे बघत होती, आता आणखी काय पसारा मांडला आहेस, अशा नजरेने. मी शाळेतून उशिरा आलो की दारात हीच नजर असायची. बाबा गेले त्या दिवशीही तिने आधी माझ्याकडे असंच बघितलं होतं आणि मग रडली होती. मला तो फोटो फार आवडला.

सोमवारी मी तो सर्व्हरवर चढवला. कंपनीत सगळ्यात जास्त मेल आईचेच जातात, त्यामुळे दुपारपर्यंत तो शेकडो लोकांनी पाहिला असेल.

४

नोटीस बोर्डाकडे मी रोज पाणी प्यायला जातो आणि त्याच्याकडे कधीच बघत नाही. त्या दिवशी बघितलं. प्रिंटवरचा भोंगा सरळ समोर बघत होता.

ग्लास तसाच ठेवून मी जागेवर आलो आणि त्याचा मेल उघडला. नजरच काय, आता मानही वळलेली होती. उजवा कान पूर्ण दिसत होता. त्याचे जुने मेल उघडले. सगळ्यांत तेच, अर्थातच. खिडक्या कितीही असल्या तरी फोटो एकच.

कोणीतरी फोटो बदलला, हे सरळ उत्तर होतं. पण तिथे हात घालू शकणारा माणूस मीच, आणि फाइल चढवल्या दिवसापासून कोणी बदललेली नव्हती. तारीख तीच, आकार तोच. फक्त आतला माणूस वळला होता.

मी बाकीच्यांचे फोटो बोर्डाशी ताडून पाहिले. स्टोअरकीपर वर्षातून एखादा मेल पाठवतो. तो आपल्या इस्त्रीच्या शर्टात जसाच्या तसा. साहेबांचे मेल त्यांच्या सेक्रेटरीच्या नावाने जातात, साहेब ठणठणीत. सेक्रेटरीची नजर ढळलेली. रिसेप्शनवरच्या बाईंची हनुवटी जरा वळलेली. ज्याचे मेल जास्त, त्याची मान जास्त. आईचा फोटो मी सगळ्यात शेवटी उघडला. ती माझ्याकडे बघत होती. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून तिच्या टेबलापाशी गेलो.

"काय हो कॉम्प्युटरवाले, काम नाही वाटतं?"

"नाही मॅडम, सहज."

साहेबांना मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी बोर्ड पाहिला, स्क्रीन पाहिला आणि म्हणाले, "फोटोग्राफरने दोन काढले असतील, तुम्ही दुसरा टाकलात. तक्रारी निम्म्यावर आल्यात, आता यात काड्या घालू नका." त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

५

भोंग्याने खुर्ची फिरवून घेतली होती. विक्री विभागात आत गेलं की आता त्याची पाठ दिसायची. आवाज तोच, पण तो भिंतीवर आपटून परत यायचा.

"काय रे, रुसलास का सगळ्यांवर?" मी विचारलं.

"मी?" पाठीपलीकडून आवाज आला. "सगळे माझ्यावर रुसलेत. कोणी धड तोंडाकडे बघून बोलत नाही माझ्याशी. गिऱ्हाईक येतं, माझ्याशी बोलतं आणि नजर भलतीकडेच. तूही तसलाच."

त्याच्या आवाजात मी पहिल्यांदा रडवेपणा ऐकला. मी काहीतरी थट्टा करून निघालो.

संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, ऑफिसात काही झालंय का? हे घरी आले की... कसं सांगू? आमची धाकटी यांच्या भोवती फिरत राहते. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग रडते. मला विचारते, बाबा कुठे बघतायत?"

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच मी भोंग्याचा फोटो काढून टाकला. साहेबांना विचारलं नाही. वाटलं, मूळच उपटलं की संपलं. त्याच्या सगळ्या मेलांत आता नावाशेजारी रिकामी चौकट दिसायला लागली. गिऱ्हाइकांचे निरोप आले: फोटो दिसत नाही, कुठे गेला, आम्ही परत परत उघडून बघतोय.

दुपारी मी त्याच्याकडे गेलो. त्याची खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस कसाबसा मावेल एवढी फट आहे. तो फोनवर कोणाला तरी दर समजावत होता. मी पोट आत ओढून त्या फटीत शिरलो आणि त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो.

समोर शर्टाची बटणं होती. टायची गाठ होती. कॉलरच्या वर केस होते. व्यवस्थित कापलेले, मानेवर मशीन फिरवलेले केस. फोन त्याने कानाला लावला होता आणि आवाज त्या केसांमधून, माझ्या अगदी जवळून, स्वच्छ येत होता.

"एक मिनिट हं," तो फोनवर म्हणाला, आणि मग मला, "बोल ना रे."

मी काय बोललो ते आठवत नाही. मी बाहेर जिन्यात येऊन बसलो आणि बराच वेळ कठडा धरून ठेवला. उजेडाचा खेळ, थकवा, डोळ्यांचा दोष, सगळं मनात मांडून पाहिलं. मग मी फोटोग्राफरकडून मूळ फोटो मागवला. तो आला, त्यात भोंगा सरळ, थेट माझ्याकडे बघत होता. तो मी घाईघाईने त्याच्या नावाशेजारी चढवला. चहाच्या वेळेपर्यंत त्यातही नुसते केस उरले होते.

मला वाटत होतं, वळत वळत पूर्ण फेरी होईल आणि चेहरा दुसऱ्या बाजूने परत येईल. आला नाही. भोंगा आता बेमुदत रजेवर आहे.

६

आईची नजर ढळली तेव्हा मी ती रोज तपासत होतो, तरीही मला ती नेमकी कधी ढळली ते कळलं नाही. एका सकाळी फोटोतली आई माझ्याकडे बघत होती असं मला वाटलं, आणि दुपारी ती खिडकीच्या चौकटीकडे बघत होती.

मी तिला म्हणालो, चार दिवस रजा घे.

"का? मला काय धाड भरलीय?"

"दमलेली दिसतेस."

"लोक अडकलेत लिफ्टमध्ये आणि मी घरी बसू?"

तिने रजा घेतली असती तरी उपयोग नव्हता. तिचे आधीचे मेल लोकांकडे होतेच. लोक ते उघडतच होते. मेकॅनिक कधी येणार ते बघायला, नंबर शोधायला, काही जण नुसतेच. प्रत्येक जण येऊन त्या एका फोटोकडे बघून जात होता. बघून जाताना थोडं थोडं काहीतरी नेत होता का, असं माझ्या मनात आलं आणि ते मला कोणालाही बोलून दाखवता येईना.

जेवताना ती आता फळीवरच्या डब्यांकडे बघून माझ्याशी बोलायची. मला आधी वाटलं, डब्यांत काही हवं असेल. मग तिचा कान दिसायला लागला, मग कानामागचे पांढरे केस. तिला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. पण तिच्याकडे येणारे लोक गोंधळायचे, त्यामुळे तीही गोंधळायची, आणि मग चिडायची.

"माझ्या मानेला काही झालंय का रे? सगळे माझ्या मानेकडे बघतात."

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मान सगळीकडून दाबून पाहिली, एक्स-रे काढले आणि हाडं ठीक आहेत म्हणाले. बोलताना ते स्वतः मात्र सारखे उठून कधी तिच्या या बाजूला, कधी त्या बाजूला जात होते. शेवटी त्यांनी चोळायला तेल लिहून दिलं आणि चष्मा काढून स्वतःचे डोळे चोळले.

७

त्या संध्याकाळी आई खाली बसली आणि मी तिच्यासमोर बसलो. समोर म्हणजे तिचे गुडघे होते त्या बाजूला. मला दिसत होता तो तिचा अंबाडा, आणि त्यात खोचलेल्या पिना.

मी हाताला तेल घेतलं आणि बघतच तो पुढे नेला. मानेवर हात ठेवायचा म्हणून अंबाड्याखाली नेला. बोटांना मऊ, सैल कातडी लागली. गळा. हनुवटी.

मी डोळे मिटले. हात हळूहळू वर नेला. ओठ होते. नाक होतं. गरम श्वास माझ्या तळहातावर येत होता. चष्म्याची थंड काच लागली.

"तेल डोळ्यांत घालतोस का माझ्या?" आई ओरडली. "मान कुठे आहे ते तरी कळतं का?"

मी डोळे उघडले. माझी बोटं अंबाड्यावर होती आणि बोटांना चष्मा लागत होता.

मान कधी वळलीच नव्हती. ती सरळ होती, आई माझ्यासमोरच बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती. भोंगाही त्या फटीत माझ्याकडेच बघत असणार. कोणीही वळलं नव्हतं. त्यांचा चेहरा जागच्या जागी होता, फक्त त्याचं दिसणं संपलं होतं.

मी तिच्या मानेला तेल लावलं, अंदाजाने. ती "खाली, अजून खाली" असं सांगत होती. मला इतकं एकटं वाटलं, जितकं बाबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा समोर तिचं तोंड होतं.

८

फोटो काढून टाकायची माझी हिंमत नव्हती. रिकाम्या चौकटीने भोंग्याचं काय केलं ते मी पाहिलं होतं. काढला त्याच दिवशी जे काही उरलं होतं तेही गेलं. लोक बघायला येत राहणार. त्यांना बघायला चेहरा हवा. आईचा नसेल तर दुसऱ्या कोणाचा तरी.

विकत मिळणारे हसरे फोटो असतात, जाहिरातींत वापरतात तसले. मी त्यांतला एक निवडलासुद्धा. माझ्याच वयाचा, दाढीवाला एक माणूस. तो निवडून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. तो कोण, कुठे राहतो, काही माहीत नाही. पण त्यालाही घरी कोणीतरी असेलच, संध्याकाळी दार उघडणारं.

जेवणाच्या सुट्टीत आई डबा उघडून माझी वाट बघत बसली होती. काचेपलीकडून मला तिचा अंबाडा दिसत होता. मी आईच्या नावाशेजारी माझा फोटो चढवला. स्टुलावर बसून काढलेला, थोडा बावळट. तिचा फोटो तिथून उचलून कुठेही, कोणालाही दिसणार नाही असा बंद करून ठेवला. मग जाऊन तिच्यासोबत जेवलो.

दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत आले. तक्रार विभागाच्या मॅडमच्या नावाशेजारी तुमचं थोबाड कसं? मी म्हणालो, सर्व्हरची गडबड आहे, बघतो. ती गडबड मी अजून बघतोच आहे.

आधी आईचा कान परत कानाच्या जागी आला. मग गाल. मग एका सकाळी ती दूध तापवता तापवता माझ्यावर खेकसली आणि मला तिचा एक डोळा दिसला, रागावलेला. मी तिथेच बसून रडलो. तिला वाटलं, ओरडली म्हणून.

९

आई आता मला पूर्ण दिसते. चष्मा, कपाळावरची आठी, सगळं. ऑफिसातले तिच्याशी पुन्हा नीट बोलतात. मानेचं तेल तिने फळीवर मागे सारून ठेवलं आहे. मी आरशात मला नीट दिसतो. दाढी करताना काहीच अडचण येत नाही.

काल सकाळी तिने चहा आणला आणि कप माझ्यापुढे ठेवायच्या ऐवजी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या बाजूला ठेवला. मी हात लांब करून तो घेतला.

"कशाचा एवढा राग आलाय?" तिने विचारलं.

"कुठे काय?"

"मग हे काय चालवलंयस? परवापासून बघतेय. माझ्याशी बोलतोस आणि तोंड फिरवून. काही चुकलं असेल माझं तर सांग ना. भांड पाहिजे तर."

"काही नाही चुकलं, आई."

ती माझ्यासमोर बसली होती. तिचे डोळे मला दिसत होते, इतके दिवस ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते डोळे. ते माझ्यावरून फिरत होते, खांद्यावर, केसांवर, परत खांद्यावर, आणि कुठेच थांबत नव्हते. मग ती उठली. टेबलाला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला येऊन तिने वाकून पाहिलं. तिथून उजव्या बाजूला गेली. तिचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी जे आलं ते मी तिच्या चेहऱ्यावर आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"असं नको रे करू," ती म्हणाली. "जरा तोंड तरी बघू दे तुझं."

तिने हात पुढे केला. तो चाचपडत आला, माझ्या गालाला लागला आणि वर सरकला. बोटं ओली झाली तशी ती एकदम थांबली.

"इकडे बघ," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडे बघ ना रे."

मी तिच्याकडेच बघत होतो.